डीमॉनिक रेझरेक्शन

मुंबईतील एक हेवी मेटल बँड. स्थापना २०००. संस्थापक, गायक, गिटारवादक व प्रमुख गीतकार साहिल मखीजा. रंगमंचावरील नाव ‘डीमनस्टीलर’. दीर्घ आख्यान, वाद्यवृंदसदृश भव्य ध्वनियोजना आणि अतितीव्र मेटल यांचा संयोग हे या बँडचे वैशिष्ट्य होय. विष्णूच्या दहा अवतारांवरील दशावतार (२०१७) हा त्याचा ध्वनिसंग्रह या संयोगाचे सर्वांत परिपूर्ण उदाहरण आहे. महाराष्ट्रात वीरकथा गाऊन सांगण्याची परंपरा जुनी आहे. तीच कथा विद्युत्‌गिटारीच्या गर्जनेत आणि इंग्रजी शब्दांत सांगू पाहणाऱ्या या बँडच्या वाटचालीत एक मूलभूत प्रश्न उभा राहतो : शब्द ऐकू येत नसताना आख्यान कशाच्या आधारावर उभे राहते?

आख्यानपर मेटलची पार्श्वभूमी : हेवी मेटल हा रॉक संगीताचा प्रकार. त्याचा आरंभ सामान्यतः इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या औद्योगिक शहरातील ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडच्या १९७० मधील पहिल्या ध्वनिसंग्रहापासून मानला जातो. या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यातील अपघातात तुटली होती. त्यामुळे तो हलक्या तारा वापरू लागला व पुढे मास्टर ऑफ रिॲलिटी (१९७१) या संग्रहापासून तारा सैल करून नेहमीपेक्षा खालच्या स्वरात लावू लागला. अशा तारांतून निघणारा जड, काळोखी नाद हा पुढे या संगीतप्रकाराचा स्थायीभाव ठरला.

या नादाला आख्यानाची जोड मिळाली ती मुख्यतः १९८० च्या सुमारास व नंतर. ‘आयर्न मेडन’ या इंग्लिश बँडने पॉवरस्लेव्ह (१९८४) या संग्रहात कोलरिज या कवीच्या सुप्रसिद्ध दीर्घकवितेवर आधारलेली तेरा मिनिटांहून मोठी रचना सादर केली. अमेरिकेतील कॅन्झस राज्यातल्या ‘मॅनिला रोड’ या बँडने क्रिस्टल लॉजिक (१९८३) या संग्रहातून, तर स्वीडनमधील ‘कँडलमास’ने १९८६ मधील पहिल्या संग्रहातून या शैलीला स्वतंत्र ओळख दिली. ‘मॅनोवॉर’ या अमेरिकन बँडने १९९२ मध्ये होमरच्या इलियडमधील अकिलीझच्या कथेवर सुमारे २८ मिनिटांची आठ भागांची रचना केली. ‘ब्लाइंड गार्डियन’ या जर्मन बँडने १९९८ मध्ये टोल्कीनच्या द सिल्मॅरिलियन या ग्रंथातील कथांवर संपूर्ण संग्रह रचला. वीरकथा अथवा पुराणकथा हा विषय, गीताची मोठी लांबी, मंद व द्रुत लयींची आलटून पालटून योजना आणि समूहगायनाचा वापर ही या शैलीची साधारण लक्षणे होत. इंग्रजीत तिला ‘एपिक’, म्हणजे महाकाव्यसदृश, असे विशेषण लावले जाते.

नॉर्वेत १९९० नंतर ‘एम्परर’, ‘डिम्मू बोर्गीर’ इ. बँडनी कर्कश, वेगवान ‘ब्लॅक मेटल’ला की-बोर्डवरील वाद्यवृंदाच्या ध्वनींची जोड दिली. डीमॉनिक रेझरेक्शनची शैली आख्यानपर मेटल व हे नॉर्वेजियन वळण या दोन प्रवाहांच्या संगमावर घडली.

मुंबईतील परिस्थिती : मुंबईत रॉक संगीताचे स्वतःचे असे एक छोटे जग पूर्वीपासून होते. ‘रॉक मशीन’ हा बँड १९८४ मध्ये स्थापन झाला व पुढे ‘इंडस क्रीड’ या नावाने ओळखला जाऊ लागला. धोबी तलाव परिसरातील रंगभवन या खुल्या रंगमंचावर १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव होऊ लागला. नव्या बँडना हजारो श्रोत्यांपुढे उभे राहण्याची संधी देणारी ती महत्त्वाची जागा होती. तथापि २००० मध्ये केंद्र शासनाने ध्वनिप्रदूषणविषयक नियम जारी केले. रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्या सभोवतालचा किमान १०० मी. परिसर त्यांनुसार शांतता-क्षेत्र ठरविता येऊ लागला. रंगभवनाच्या आसपास रुग्णालये व महाविद्यालये असल्यामुळे तेथील संगीताचे मोठे कार्यक्रम पुढील काही वर्षांत बंद पडले. जुहू येथील ‘रॅझबेरी ऱ्हायनोसरस’सारख्या लहान उपाहारगृहवजा जागा मग मेटल श्रोत्यांच्या भेटीची ठिकाणे बनल्या. ज्या वर्षी हे नियम आले, त्याच वर्षी डीमॉनिक रेझरेक्शनची स्थापना झाली हा योगायोग असला, तरी बँडच्या पुढील वाटचालीच्या दृष्टीने तो अर्थपूर्ण आहे. कारण रंगमंच, प्रकाशनसंस्था व प्रसारमाध्यमे यांपैकी कशाचाही भक्कम आधार या संगीताला नव्हता. हिंदी चित्रपटसंगीतावर चालणाऱ्या ध्वनिमुद्रण-उद्योगात त्याला स्थान मिळण्याची शक्यताही नव्हती.

वाटचाल : बँडचा पहिला संग्रह डीमनस्टीलर २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शैलीचे बीज असले, तरी तिची खरी घडण अ डार्कनेस डिसेंड्स (२००५) या दुसऱ्या संग्रहात दिसते. त्यापुढील बियाँड द डार्कनेस (२००७) हा लघुसंग्रह व द रिटर्न टू डार्कनेस (२०१०) हा पूर्ण संग्रह मिळून एक त्रिधारा तयार होते. अंधाराचे अवतरण, त्याच्या पलीकडचा प्रदेश व त्याचे पुनरागमन असा तिचा क्रम शीर्षकांवरूनही ध्यानात येतो. द रिटर्न टू डार्कनेसच्या वेळी मखीजा यांच्यासमवेत डॅनिएल रेगो (गिटार), हुसेन बंदुकवाला (बास), वीरेंद्र कैथ (ड्रम) व ‘मेफिस्टो’ या नावाने वावरणारा की-बोर्डवादक असा संच होता. नंतरच्या काळात निशिथ हेगडे (गिटार) व अश्विन श्रियान (बास) हे बँडमध्ये आले.

२०१० हे वर्ष बँडच्या इतिहासात निर्णायक ठरले. द रिटर्न टू डार्कनेस हा संग्रह ‘कँडललाइट रेकॉर्ड्‌स’ या ब्रिटिश संस्थेमार्फत परदेशी श्रोत्यांपर्यंत पोहोचला. नॉर्वेतील ‘इन्फर्नो’ या महोत्सवात बँडचे वादन झाले आणि मेटल हॅमर या ब्रिटिश मासिकाच्या ‘गोल्डन गॉड्‌स’ पुरस्कारांपैकी ‘ग्लोबल मेटल’ या विभागातील पुरस्कार त्याला मिळाला. ज्या देशाच्या संगीतापासून स्फूर्ती घेतली, त्याच देशाच्या रंगमंचावर उभे राहण्याचा मान मुंबईच्या एका बँडला स्थापनेनंतर दहा वर्षांनी मिळाला. त्यानंतर एका दैत्यराजाच्या कल्पनेभोवती गुंफलेला द डीमन किंग (२०१४) हा संग्रह प्रसिद्ध झाला व २०१७ मध्ये दशावतार आला.

या वाटचालीची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मखीजा यांनी ‘डीमनस्टीलर रेकॉर्ड्‌स’ ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढली, ‘रेझरेक्शन’ या नावाने मेटल संगीताचे कार्यक्रम भरविले आणि स्वतःबरोबर इतर भारतीय बँडचे संगीतही प्रसिद्धीस आणले. ‘रेप्टिलियन डेथ’ हा त्यांचा आणखी एक बँड. ‘हेडबँगर्स किचन’ या त्यांच्या पाककृतिविषयक चित्रफीत-मालिकेला मेटलच्या वर्तुळाबाहेरही मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. ‘डीमनस्टीलर’ याच नावाने त्यांनी एकट्याचे संग्रहही काढले. त्यांपैकी द प्रोपगँडा मशीन (२०२३) या संग्रहात निरनिराळ्या देशांतील ड्रमवादकांचा सहभाग असून त्याचा रोख पुराणकथेवर नसून समकालीन राजकीय प्रचारतंत्रावर आहे. गायक, रचनाकार, प्रकाशक व आयोजक या साऱ्या भूमिका एकाच व्यक्तीने पार पाडणे ही तेव्हाच्या भारतीय मेटलची हौस नव्हती, ती गरज होती. ज्या संगीताला बाजारपेठ नाही, त्याला जगण्यासाठी संस्था लागतात व त्या बहुधा कलावंतालाच उभाराव्या लागतात, हे या बँडच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

शैली : डीमॉनिक रेझरेक्शनच्या संगीतात ब्लॅक मेटल, डेथ मेटल व पॉवर मेटल या तीन उपप्रकारांचे मिश्रण असून बँडने स्वतः त्यास ‘डीमॉनिक मेटल’ असे नाव दिले आहे. गिटारचा ध्वनी विद्युत्‌मंडलाच्या साहाय्याने मुद्दाम विकृत केलेला असतो. अशा ध्वनीत तीन-चार भिन्न स्वर एकत्र छेडल्यास गोंधळ माजतो. परंतु षड्‌ज व पंचम ही जोडी मात्र स्वच्छ व बलिष्ठ ऐकू येते. म्हणून मेटलमध्ये याच दोन स्वरांच्या जोडीवर बहुतेक रचना उभी केली जाते. तारेवर तळहाताची कड ठेवून ती दाबत छेडल्यास तुटक, ठोकल्यासारखा आघात निघतो. दोन्ही पायांनी वाजविलेल्या मोठ्या ड्रमच्या द्रुत आघातांशी तो जुळविला, की घोडदळाच्या टापांसारखा परिणाम साधतो. काळोखी रंगासाठी कोमल ऋषभाचा सढळ वापर केला जातो. पाश्चात्त्य परिभाषेत ‘फ्रिजियन’ म्हटले जाणारे स्वरसप्तक आपल्या भैरवी थाटाशी जुळते, तर पौर्वात्य वातावरणासाठी मेटलमध्ये वापरले जाणारे ‘डबल हार्मोनिक’ हे सप्तक भैरव थाटाशी मिळते. भारतीय कानाला या संगीतातील काही वळणे अनपेक्षितपणे ओळखीची वाटतात, ती यामुळेच.

गायनाचे दोन प्रकार या बँडमध्ये आलटून पालटून येतात. पहिला प्रकार गुरगुरण्याचा. त्यात स्वरतंतूंच्या वर असलेल्या उपस्वरतंतूंचा उपयोग करून, स्वर निश्चित उंचीवर न ठेवता, खरखरीत गर्जना काढली जाते. दुसरा प्रकार स्वच्छ, सुरेल गायनाचा. पहिला प्रकार संहार, क्रोध, दैत्यांची वाणी यांसाठी व दुसरा शोक, आवाहन वा निवेदन यांसाठी सामान्यतः उपयुक्त ठरतो. की-बोर्डवरील तंतुवाद्यांचे व समूहगायनाचे ध्वनी पार्श्वभूमीला विस्तार देतात. अंतरा-ध्रुपद अशी ठराविक पुनरावृत्ती टाळून रचना प्रसंगागणिक पुढे सरकते. गतिमान भागानंतर अचानक येणारा केवळ गिटारचा अथवा की-बोर्डचा शांत तुकडा हा प्रवेश बदलल्याची खूण असते.

दशावतार : या संग्रहात मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध व कल्की या क्रमाने दहा गीते आहेत. प्रत्येक शीर्षकात अवताराच्या संस्कृत नावापुढे त्याचे इंग्रजी वर्णन जोडलेले आहे. मेटलच्या नेहमीच्या वाद्यांबरोबर सतार, बासरी यांसारख्या भारतीय वाद्यांचे ध्वनीही त्यात येतात. पूर्वीच्या संग्रहांतील अंधार, दैत्य व युद्ध यांचे जग कल्पित होते. येथे प्रथमच बँडने श्रोत्याला आधीपासून ठाऊक असलेली कथा हाती घेतली.

विषयाच्या दृष्टीने ही निवड समर्पक आहे. दहांपैकी बहुतेक अवतारकथांचा गाभा संघर्ष हा असून हिरण्याक्ष, हिरण्यकशिपू, बली, रावण, कंस अशी प्रतिपक्षाची भक्कम पात्रे त्यांत आहेत. ‘दैत्य’ या कल्पनेवरच नाव व शैली बेतलेल्या बँडला दैत्याची बाजू रंगविण्यास येथे वाव होता. महाराष्ट्राच्या लोकपरंपरेतही याला जवळचे उदाहरण आहे. सिंधुदुर्ग व लगतच्या प्रदेशातील दशावतारी नाटकाच्या पूर्वरंगात, म्हणजे आडदशावतारात, काळ्या वेषातील संकासुर हे पात्र प्रेक्षकांना हसवते व वाद घालते आणि अखेर विष्णूच्या हातून मारले जाते. त्यानंतर पायपेटी, मृदंग व झांज यांच्या साथीने आख्यान रंगते. तेथेही दहाही अवतार क्रमाने सादर होत नाहीत. नाव दशावताराचे असले, तरी रात्रभर रंगते ते एखादे पौराणिक आख्यान. वेरूळ येथील पंधराव्या, दशावतार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेण्यात विष्णूच्या अवतारांची शिल्पे शैव शिल्पांसमवेत स्वतंत्र चौकटींत कोरलेली आहेत. दहा स्वतंत्र गीतांचा संग्रह या शिल्पपटांसारखा आहे : प्रत्येक चौकट पूर्ण, मात्र सर्वांचा मिळून एक क्रम.

अवतारांच्या यादीबाबत परंपरेत एकमत नाही. जयदेवाच्या गीतगोविंदात कृष्णाऐवजी हलधर बलराम हा अवतार म्हणून येतो, कारण तेथे कृष्ण हाच अवतारांचे मूळ आहे. महाराष्ट्रातील काही चित्रणांत नवव्या स्थानी विठ्ठल दिसतो. बँडने स्वीकारलेली बुद्धासहितची यादी सर्वत्र परिचित असली, तरी महाराष्ट्रात ती निर्विवाद नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे आपल्या अनुयायांना दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये, बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे न मानण्याची स्पष्ट प्रतिज्ञा आहे. त्यामुळे या संग्रहातील नववे गीत ऐकणाऱ्या मराठी श्रोत्यांपैकी एका मोठ्या समाजाच्या दृष्टीने ते पुराणकथेचे रूपांतर नसून आधीच नाकारलेल्या एका दाव्याची पुनरुक्ती ठरते. कलानिर्मितीसाठी पुराणकथा हाती घेतली, की तिच्याभोवतीचा सामाजिक इतिहासही हाती येतो, याचे हे उदाहरण होय.

सदृश व विरोधी परंपरा : मेटल संगीतात भारतीय तत्त्वविचार व पुराणे आणण्याचा प्रयत्न प्रथम भारताबाहेरच झाला. सिंगापूरमधील ‘रुद्र’ या १९९२ मध्ये स्थापन झालेल्या बँडने संस्कृत मंत्र व वेदान्तविचार यांचा डेथ मेटलशी मेळ घातला. त्याच्या संगीतास ‘वैदिक मेटल’ म्हटले जाते. रुद्रचा भर तत्त्वावर, तर डीमॉनिक रेझरेक्शनचा कथेवर आहे. महाराष्ट्रातील पोवाड्याशी केलेली तुलना अधिक उद्‌बोधक ठरते. शिवकालातील अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा व तुळशीदासाचा सिंहगडाचा हे पोवाडे म्हणजे मराठीतील वीराख्यानाचे आद्य नमुने होत. त्यांत डफ व तुणतुणे यांची साथ मोजकी असते, झीलकरी शाहिराची ओळ उचलून धरतात आणि शाहिराचा प्रत्येक शब्द शेवटच्या श्रोत्यापर्यंत पोहोचणे ही कलेची पहिली अट असते. तेथे नाद शब्दाचा सेवक आहे. मेटलमध्ये हा संबंध उलटतो. गुरगुरत्या गायनातील शब्द सरावलेल्या श्रोत्यालाही छापील गीतांवाचून पूर्णपणे उमगत नाहीत. मुळात ते इंग्रजीत असल्याने ही कथा ज्यांच्या घरात सांगितली जाते, त्यांपैकी अनेकांसाठी ती दुहेरी अंतरावर राहते.

मूल्यमापन : या अंतराची भरपाई बँड दोन मार्गांनी करतो. एक म्हणजे नादालाच कथनाचे काम सोपविणे. लय तुटणे, वाद्ये थांबणे, सुरेल आवाज प्रवेशणे यांतून प्रसंगाची चाहूल दिली जाते. दुसरा मार्ग म्हणजे श्रोत्याच्या पूर्वज्ञानावर विसंबणे. नरसिंह खांबातून प्रकटणार हे ज्याला ठाऊक आहे, त्याला शब्द ऐकू आले नाहीत तरी चालते. तो त्या क्षणाची वाटच पाहत असतो. कीर्तनातील उत्तररंगातही श्रोत्याला आख्यानाचा शेवट आधीच ठाऊक असतो व गोडी सांगण्याच्या रीतीत असते. अंधाराच्या त्रिधारेत श्रोत्याला कल्पित जगाची ओळख करून घ्यावी लागत होती. दशावतारामध्ये ती गरज उरली नाही. म्हणूनच कल्पित दैत्यकथांकडून ज्ञात पुराणकथेकडे झालेला प्रवास हा केवळ विषयबदल न राहता शैलीच्या आतील अडचणीचे उत्तर ठरला.

मर्यादाही येथेच आहेत. ज्याला कथा ठाऊक नाही अशा परदेशी श्रोत्याच्या दृष्टीने हा संग्रह उत्कृष्ट नादशिल्प असले, तरी आख्यान म्हणून तो छापील गीतांवर अवलंबून राहतो. आणि ज्याला कथा ठाऊक आहे अशा ग्रामीण मराठी श्रोत्यापर्यंत हे संगीत क्वचितच पोहोचते. दोन्ही बाजूंना पुरेसा ओळखीचा असा श्रोता म्हणजे महानगरातील इंग्रजी शिकलेला तरुण. त्याच्यापुरते बँडचे यश निःसंशय आहे. सतार-बासरीचा उपयोग वातावरणनिर्मितीपलीकडे नेऊन लोकपरंपरेतील ताल, झील व निवेदन यांची तत्त्वे रचनेत मुरविणे, तसेच अशा आख्यानासाठी मराठीसारख्या भाषेचे उच्चार व वजन अजमावणे ही या शैलीपुढील मोकळी क्षेत्रे होत. भारतीय मेटलला परदेशी नमुन्यांचे केवळ अनुकरण न करता स्वतःची कथा सांगता येते, आणि पाठीशी कोणतीही संस्था नसताना ती सतरा वर्षे चिकाटीने सांगत राहता येते, हे दाखवून देणे हे डीमॉनिक रेझरेक्शनचे महत्त्वाचे कार्य होय.